स्वतःचाच पाठलाग करणारी चाल

घरात कीबोर्डच्या क्लासला जाणारं मूल असेल, तर ‘कॅनन इन डी’ हे नाव कानावर आलेलं असतंच. नसेल, तरी सूर ओळखीचा निघतो. हॉटेलातलं रिसेप्शन, फोनवर ताटकळत ठेवताना वाजणारं संगीत, ‘अभ्यासासाठी शांत संगीत’ असल्या नावाचे यूट्यूबवरचे तासन्‌तास चालणारे व्हिडिओ, सगळीकडे तो संथ, गोड तुकडा असतो. पाखेलबेलचा कॅनन. पाखेलबेल कोण, तर कुणीतरी जुना जर्मन संगीतकार, एवढं बहुतेकांना सांगता येतं. पण कॅनन म्हणजे काय असं विचारलं की उत्तर येतं, “त्या तुकड्याचं नाव आहे ना ते?”

ते एका तुकड्याचं नाव नाही. कॅनन हा रचनेचा प्रकार आहे, जसा आपल्याकडे तराणा. पाखेलबेल जन्मला तेव्हा युरोपात हा प्रकार चांगला चारशे वर्षं जुना झाला होता. आणि गंमत अशी, की त्याच्या त्या प्रसिद्ध तुकड्यातला जो भाग जगाला तोंडपाठ आहे, तो कॅनन नाहीच. ते कसं, हे समजायला आधी थोडी पायाभरणी करावी लागेल.

एक व्याख्या आणि एक बालगीत

कॅननमध्ये एक आवाज सुरावट सुरू करतो. ठरलेल्या अंतराने दुसरा आवाज तीच सुरावट पहिल्यापासून, जशीच्या तशी सुरू करतो आणि पहिला थांबत नाही, पुढे गातच राहतो. तिसरा, चौथा आवाजही असाच मागून येऊ शकतो. ‘आवाज’ म्हणजे गळाच हवा असं नाही. व्हायोलिन चालेल, पियानोवरचा नुसता डावा हातही चालेल.

इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीत ‘आर यू स्लीपिंग, ब्रदर जॉन’ शिकवतात. मूळ फ्रेंच गाणं, ‘फ्रेर झाक’. ते सरगममध्ये असं होतं:

सा रे ग सा
ग म प –
पध पम ग सा
सा प सा –

शेवटच्या ओळीतला प मंद्र सप्तकातला. प्रत्येक ओळ चार मात्रांची, आणि प्रत्येक ओळ दोनदा म्हणायची. पहिल्याची पहिली ओळ दोनदा म्हणून झाली की दुसऱ्याने सुरू करायचं, त्याची झाली की तिसऱ्याने, मग चौथ्याने. चौघं आत आले की चारही ओळी एकाच वेळी ऐकू येतात. आता वरच्या चार ओळी एकाखाली एक आहेत, त्या आडव्या वाचण्याऐवजी वरून खाली वाचा. पहिल्या मात्रेवर सा, ग, प, सा. पाश्चात्त्य संगीतातली सगळ्यात मूलभूत कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गट, ती हीच. दुसऱ्या मात्रेवर रे, म, वरचा प आणि खालचा प एकत्र येतात आणि सूर थोडा ताणला जातो. तिसऱ्या मात्रेवर ग, प, ग, सा होऊन तो ताण सुटतो.

म्हणजे ही चाल ज्या कुणी बांधली, त्याने एक गाणं बांधलं आणि त्याच्या पोटात तीन साथीदारही लपवून ठेवले. वेगळी साथ लिहावीच लागत नाही. चालीची साथ चालच करते.

पण मग आपलं भजनही कॅननच की!

हा प्रश्न आपल्याकडच्या कुणाही ऐकणाऱ्याला पडावा असाच आहे. बुवा अभंगाचं चरण म्हणतात, मागचे टाळकरी तेच उचलतात. हार्मोनियमवाला गायकाच्या ताना अर्ध्या श्वासाच्या अंतराने मागोमाग काढतो. जुगलबंदीत सवाल-जवाब रंगतात. मग युरोपने वेगळं काय केलं?

भजनात टाळकऱ्यांनी चरण उचललं की बुवा थांबतात, किंवा त्यांच्यातच मिसळतात. सवाल-जवाबात तर पाळीपाळीनेच वाजवायचं असतं. तिथे पुनरुक्ती आहे, पण एकाच चालीचे दोन वेगळे भाग एकमेकांवर चढून बसत नाहीत. हार्मोनियमची साथ जास्त जवळची वाटते, कारण तिथे खरोखर मागचा स्वर पुढच्या स्वरावर पडतो. पण ती साथ सावलीसारखी असते. मागच्या हार्मोनियमवर काय वाजतंय याला जुळेल अशीच पुढची तान घ्यायची, असा हिशेब गायक करत नाही. कॅनन लिहिणाऱ्याला तोच हिशेब क्षणोक्षणी करावा लागतो.

आपल्याकडे कॅनन नाही हे काही उणेपण नव्हे. आपला राग षड्जाच्या अखंड तंबोऱ्यावर एका सुरावटीने उलगडतो. एका वेळी अनेक वेगळ्या सुरावटी चालवणं ही त्याची गरजच नाही. युरोपात साधारण हजार वर्षांपूर्वीपासून चर्चच्या गाण्यात एकावर एक सुरावटी रचण्याची ओढ वाढत गेली, आणि त्या ओढीचं सगळ्यात शिस्तीचं अपत्य म्हणजे कॅनन.

हे लिहितात तरी कसं?

रविवारच्या पुरवणीतलं शब्दकोडं डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक अक्षराला दोन नोकऱ्या असतात. आडव्या शब्दातही ते बसायला हवं आणि उभ्या शब्दातही. कॅननमधल्या प्रत्येक स्वराचं तेच. आडवं पाहिलं तर तो एका सुरेल चालीचा भाग हवा, उभं पाहिलं तर त्याच क्षणी इतर आवाजांत जे चाललंय त्याच्याशी त्याचं जमायला हवं. कोडं रचणाऱ्याला निदान उभे आणि आडवे शब्द वेगवेगळे घेता येतात. इथे उभ्या रांगेतलं सगळं सामान आडव्या ओळीतूनच, तिच्याच मागच्या भागातून यायला हवं, ही जास्तीची अट.

प्रत्यक्ष काम पायरीपायरीने होतं. पहिल्या आवाजाचा पहिला तुकडा लिहायचा. तो उचलून दुसऱ्या आवाजात, एक तुकडा पुढे ठेवायचा. आता त्याच्या डोक्यावर बसेल असा पहिल्या आवाजाचा दुसरा तुकडा लिहायचा. तोही उचलून दुसऱ्या आवाजात पुढे ठेवायचा. त्यावर बसेल असा तिसरा. दोन आवाजांपर्यंत हे चिकाटीने कुणालाही जमतं, आणि संगीत रचना शिकणाऱ्यांकडून ते आजही करून घेतात. तिसरा आवाज आला की प्रत्येक नवा तुकडा दोन जुन्या तुकड्यांवर एकदम बसवावा लागतो, आणि तिथे घाम फुटतो. शिवाय हे सगळं ऐकताना कसरत वाटता कामा नये.

कॅनन आणि फ्यूग यांत नेहमी गल्लत होते, म्हणून जाता जाता: फ्यूगमध्ये सुरुवातीचा मुखडा तेवढा प्रत्येक आवाज उचलतो, पुढे ज्याला त्याला मोकळीक असते. कॅननमध्ये मागच्याला मोकळीक नाही.

कोकिळा आणि क्रूस

इंग्लंडमध्ये रेडिंग इथे एक मोठा मठ होता. त्या मठाशी जोडलेली, १३व्या शतकाच्या मध्याच्या आसपासची एक हस्तलिखित वही आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या एका पानावर उन्हाळ्याचं गाणं आहे: उन्हाळा आला, कोकिळे, मोठ्याने गा, मेंढी कोकराला हाक मारते, गाय वासराला. भाषा जुनी इंग्रजी वळणाची, आणि त्याच सुरांखाली लॅटिनमधलं धार्मिक काव्यही लिहिलेलं. मठातल्या मंडळींनी दोन्ही सोयी पाहिल्या म्हणायच्या.

पानावर मुख्य चाल एकच आहे. पण बाजूला लॅटिनमध्ये सूचना आहे, की एकाने सुरुवात करावी, बाकीच्यांनी गप्प राहावं आणि पहिला क्रुसाच्या खुणेपुढच्या स्वरापाशी पोहोचला की दुसऱ्याने सुरू करावं. ती लहानशी क्रुसाची खूण चालीच्या ओळीत दिसते. असे चार जण एकामागून एक आत येतात आणि खाली आणखी दोघं एक लहानसा तुकडा घोळवत राहतात. एकूण सहा आवाज. इतक्या जुन्या काळचं सहा आवाजांचं दुसरं संगीत युरोपात आपल्यापर्यंत आलेलं नाही.

चाल एकदाच लिहायची, आणि तिचं काय करायचं ते शब्दांत सांगायचं, हे त्या पानावरचं महत्त्वाचं. कॅनन या ग्रीक शब्दाचा अर्थच नियम. पुढे पुढे संगीतकार ती सूचना कोड्यात देऊ लागले. वाचणाऱ्याने डोकं चालवावं, मग गावं.

चालीला उलटं, सुलटं, ताणून

नुसता मागून येणारा आवाज जमला, तेव्हा या लोकांनी पुढचे खेळ काढले. मागचा आवाज त्याच स्वरावरून सुरू होण्याऐवजी वेगळ्या स्वरावरून सुरू होऊ शकतो, म्हणजे पहिल्याने सा वरून सुरुवात केली तर दुसरा तीच चाल प वरून गातो. किंवा पहिला जेवढा वर चढेल तेवढा दुसरा खाली उतरतो. किंवा दुसरा चाल शेवटाकडून सुरुवातीकडे वाचतो. त्याला खेकडा कॅनन म्हणतात, जरी खेकडे आडवे चालत असले तरी.

१४व्या शतकातला फ्रेंच कवी-संगीतकार गियोम द माशो याचं ‘माझा शेवट हीच माझी सुरुवात’ अशा अर्थाचं गाणं आहे. त्यात दोन आवाज एकच ओळ गातात, एक पुढून आणि एक मागून. तिसरा आवाज अर्ध्यापर्यंत जातो आणि आल्या पावली परत फिरतो. गाण्याचे शब्द म्हणजे गाणं कसं गायचं याची सूचनाच आहे.

सगळ्यात अवघड प्रकार लयीचा, आणि तो आपल्या लोकांना चटकन कळेल. धृपद गायक एकच बंदिश बराबर, दुगुन, चौगुन अशा लयींत म्हणून दाखवतो, एकामागून एक. आता कल्पना करा, एक गायक ती बराबर लयीत आणि दुसरा दुगुनीत, दोघं एकाच क्षणी सुरू करतायत आणि तरीही प्रत्येक क्षणी त्यांचे स्वर जुळतायत. १५व्या शतकात योहानेस ओकेगेम याने अशी अख्खी प्रार्थना-मालिका लिहिली. कागदावर दोन ओळी, गाणारे चार. प्रत्येक ओळ दोघं जण वेगवेगळ्या लयीत गातात. वर आणखी एक अट: दोन आवाजांमधलं स्वरांचं अंतर भागागणिक वाढत जातं, एकाच स्वरापासून थेट सप्तकापर्यंत.

कानाला हे सगळं कळतं का? माझं मत स्पष्ट आहे. ओकेगेम ऐकायला सुंदरच आहे, पण त्यातला कॅनन कागदावर जितका थक्क करतो तितका कानाला करत नाही. ते कबूल करायला हरकत नसावी.

राजाने दिलेली चाल

७ मे १७४७. योहान सेबास्टियन बाख ६२ वर्षांचा, जर्मनीतल्या पोट्सडामला आलेला. प्रशियाचा राजा फ्रेडरिक स्वतः बासरी वाजवायचा, आणि बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल त्याच्याच दरबारात चाकरीला होता. राजाने बाखला एक चाल दिली आणि म्हणाला, हिच्यावर आयत्या वेळी फ्यूग वाजवून दाखव. चाल अवघड होती, मधेच अर्ध्या अर्ध्या स्वरांनी खाली घसरणारी. बाखने तीन आवाजांचं वाजवलं. सहा आवाजांचं हवं म्हटल्यावर ते स्वतःच्या एका चालीवर वाजवलं, राजाच्या नाही.

लाइपझिगला परतल्यावर मात्र त्याने राजाच्या चालीचा पिच्छा पुरवला. काही महिन्यांतच छापलेल्या नजराण्यात सहा आवाजांची फ्यूग तर होतीच, शिवाय त्याच चालीचे १० कॅनन होते. एक खेकडा कॅनन: एक आवाज पुढून, एक मागून. काहींवर बाखने लॅटिनमध्ये लिहिलं, ‘शोधाल तर सापडेल’, आणि दुसरा आवाज कुठे आत येतो ते सांगितलंच नाही. वाजवणाऱ्याने शोधून काढायचं. राजाला पाठवलेल्या भेटीत असा गृहपाठ घालायला हिंमत लागते.

त्यातला माझा आवडता कॅनन वर चढत जाणारा. एक फेरी पूर्ण होते तेव्हा संगीत न सांगता एक पूर्ण स्वर वर गेलेलं असतं. सांधा कुठे होता ते कळत नाही. तिथूनच पुढची फेरी सुरू. सहा फेऱ्यांनी पुन्हा मूळ स्वर येतो, पण एक सप्तक वर. समासात बाखने लिहिलं होतं की स्वर जसे चढतात तशी राजाची कीर्ती चढो. स्तुती आहे खरी, पण ती करण्याची रीत इतकी चोख, की राजापेक्षा रचनाच लक्षात राहते.

त्याआधी १७४१ मध्ये त्याची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ छापून झाली होती. एकाच खर्जातल्या आधारावर ३० बदल, आणि त्यातला प्रत्येक तिसरा कॅनन. तिसरा बदल एकाच स्वरावरचा, सहावा एका स्वराच्या फरकाने, नववा त्याहून एक पायरी पुढे, असं करत २७व्यापर्यंत. ओकेगेमची वाढत्या अंतराची युक्ती, त्यानंतर अडीचशेहून जास्त वर्षांनी. क्रमाने ३०वा बदल पुन्हा कॅनन असायला हवा. तिथे बाख खट्याळपणे लोकगीतं एकमेकांत मिसळून देतो, आणि त्यातल्या एकाचे शब्द आहेत की कोबी आणि सलगमने मला घराबाहेर काढलं. इतक्या शिस्तीनंतर हे.

बाखचं जे एकमेव खात्रीचं तैलचित्र मानतात, १७४६चं, त्यात त्याच्या हातात एक चिटोरं आहे. चिटोऱ्यावर तीन ओळी, वाजवायचे आवाज सहा. तोही कॅनन. १९७४ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ‘गोल्डबर्ग’ची बाखच्या स्वतःच्या मालकीची छापील प्रत सापडली. तिच्या शेवटच्या पानावर त्याने त्याच आधारस्वरांवर आणखी १४ कॅनन लिहून ठेवले होते. चित्रातला कॅनन त्यातलाच तेरावा निघाला.

हे संगीत आहे की गणिताचा पेपर?

हा आक्षेप जुना आहे आणि अगदीच खोटा नाही. नुसतेच कोडं म्हणून लिहिलेले, रुक्ष कॅनन शेकड्याने सापडतात. पण दोन गोष्टी सांगायला हव्यात.

एक, कॅनन ही फक्त पंडितांची मालमत्ता कधीच नव्हती. इंग्लंडमध्ये १६०९ सालीच छापील पुस्तकांत मित्रांनी मिळून गायचे कॅनन होते, ‘थ्री ब्लाइंड माइस’ त्यातलंच. मोत्झार्टने मित्रांसाठी सहा आवाजांचा एक कॅनन लिहिला, ज्याचे शब्द चारचौघांत सांगण्यासारखे नाहीत. त्याच्या मृत्यूनंतर छापताना प्रकाशकाने ते बदलून ‘चला आनंदी राहू’ छापाचे सोज्ज्वळ केले.

दोन, ही बांधणी काही भावना अशा सांगू शकते, की दुसरी कुठली सांगू शकणार नाही. बेटोफेनची एकुलती एक संगीतिका ‘फिडेलिओ’, व्हिएन्ना, १८०५. तुरुंगात अडकवलेल्या नवऱ्याला सोडवायला बायको पुरुषाचा वेश घेऊन जेलरकडे नोकरीला लागली आहे. जेलरची मुलगी त्या ‘तरुणा’च्या प्रेमात पडते. पहिल्या अंकात चौघं जण उभे राहतात आणि एकामागून एक तीच चाल गातात. मुलगी सुखात. वेषांतर केलेली बायको धास्तावलेली. बाप खुशीत, जावई पसंत पडलाय म्हणून. आणि मुलीवर जीव टाकणारा पोरगा जळफळत. चाल तीच, पण चौघांच्या मनात चार वेगळ्या गोष्टी, आणि कुणालाही दुसऱ्याच्या मनातलं कळत नाही. नाटकातले संवाद हे करू शकणार नाहीत. चौघं एकदम बोलले तर नुसता गोंधळ होईल. इथे ते एकदम बोलतात आणि चौघंही समजतात.

सेझार फ्रांकच्या १८८६च्या व्हायोलिन सोनाटाचा शेवटचा भाग ऐका. पियानो एक गोड चाल सुरू करतो, व्हायोलिन एका मापाच्या, म्हणजे काही मात्रांच्या, अंतराने तीच घेऊन मागे. ती रचना एका लग्नाची भेट होती. गणिताचा वास कुठेही येत नाही.

आता पाखेलबेल

योहान पाखेलबेल १६५३ साली न्यूरेंबर्गमध्ये जन्मला, १७०६ मध्ये वारला. बाखच्या थोरल्या भावाला त्याने शिकवलं, आणि आईवडील गेल्यावर लहानगा बाख त्याच भावाकडे वाढला. हा कॅनन तीन व्हायोलिन आणि खर्जातल्या साथीसाठी आहे. साथीत आठ स्वर: सा, प, ध, ग, म, सा, म, प. हेच आठ स्वर २८ वेळा, अथपासून इतिपर्यंत. चेलो वाजवणारे या तुकड्याला वैतागतात ते उगीच नाही.

वर खरा कॅनन चाललेला असतो. पहिलं व्हायोलिन सुरू होतं, आठ स्वरांचं एक आवर्तन झालं की दुसरं तेच घेऊन येतं, आणखी एका आवर्तनाने तिसरं. आता पाखेलबेलची हुशारी पाहा. व्हायोलिनमधलं अंतर बरोबर एका आवर्तनाचं आहे. त्यामुळे चालीचा प्रत्येक तुकडा त्याच आठ स्वरांवर बसणारा असला, की ते तुकडे आपसांतही बऱ्यापैकी जुळतात. बाख प्रत्येक घराला नवी अडचण उभी करतो. पाखेलबेलने कोडं असं आखलं की निम्मी उत्तरं आधीच भरलेली असावीत. याला लबाडी म्हणायचं कारण नाही, उलट म्हणूनच तो इतका मोकळा, वाहता वाटतो. शेवटी सगळ्यांना एकत्र थांबायचं असतं, तेव्हा मागच्या दोन व्हायोलिनना चालीचं शेपूट सोडून द्यावं लागतं.

ही रचना १९१९ मध्ये पहिल्यांदा छापली गेली आणि पुढची कित्येक दशकं अभ्यासक सोडून फारसं कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. १९६८ मध्ये फ्रान्समध्ये झां-फ्रांस्वा पायार याने ती संथ लयीत, तंतुवाद्यवृंदावर ध्वनिमुद्रित केली, आणि तीच आवृत्ती जगभर पसरली. पुढे तैवानच्या जेरी चांगने इलेक्ट्रिक गिटारवर तिचं रॉक रूप बसवलं, ते एका कोरियन मुलाने वाजवलं, आणि यूट्यूबच्या पहिल्या वर्षांत कोट्यवधी लोकांनी ते पाहिलं.

पण या सगळ्यातून पॉप संगीताने उचललं काय? खालचे आठ स्वर आणि त्यांवरच्या कॉर्ड्‌स. ‘गो वेस्ट’ असो की २०१९चं ‘मेमरीज’, पाठीशी तोच क्रम असतो. वरची तीन व्हायोलिन, एकमेकांमागे लागलेली, म्हणजे ज्यामुळे तुकड्याला कॅनन म्हणतात तो भाग, बहुतेक आवृत्त्यांत गाळलेला असतो. एकट्या गिटारवर किंवा सोप्या पियानोवर तो वाजवताच येत नाही. राहते ती साथ, आणि जग तिलाच कॅनन म्हणतं.

खरा कॅनन कुठल्या वाटेने आला

तो आला टेपरेकॉर्डरच्या वाटेने. १९६५ मध्ये अमेरिकेत स्टीव्ह राइश एका रस्त्यावरच्या धर्मोपदेशकाच्या आवाजाचा तोच तुकडा दोन टेप यंत्रांवर फिरवत होता. यंत्रांचा वेग किंचित वेगळा, त्यामुळे एक हळूहळू मागे पडू लागलं. राइशच्या लक्षात आलं, की हा कॅननच आहे, फक्त अंतर सतत बदलतंय. तिथून १९६७चं दोन पियानोंचं ‘पियानो फेज’, आणि पुढे बरंच काही.

त्याच्या एक वर्ष आधी, १९६६ मध्ये, हंगेरियन वंशाच्या ग्यॉर्गी लिगेटीने १६ आवाजांसाठी ‘लक्स एटर्ना’ लिहिलं. त्यात कॅनन इतके दाट आहेत की एकही चाल वेगळी ऐकू येत नाही, हवेत तरंगणारा ध्वनीचा ढग तेवढा उरतो. अंतराळावरच्या एका गाजलेल्या चित्रपटात तो ढग आपल्यापैकी अनेकांनी ऐकलाय. एस्टोनियाच्या आर्व्हो पॅर्टने १९७७ मध्ये ब्रिटिश संगीतकार ब्रिटन याच्या स्मरणार्थ लिहिलेल्या तुकड्यात तंतुवाद्यांचे पाच थर एकच उतरती स्वरमाला वाजवतात, प्रत्येक खालचा थर वरच्याच्या निम्म्या वेगाने. ओकेगेमची लयीची कल्पना, आणि या वेळी ती कानाला अगदी स्वच्छ कळते. मेक्सिकोत राहून कॉनलन नॅनकारो कागदाच्या गुंडाळ्यांवर हाताने भोकं पाडून यांत्रिक पियानोसाठी असे लयीचे कॅनन बनवत होता, की माणसाच्या हातांना ते वाजवणं शक्यच नव्हतं.

रॉकवाल्यांकडेही तो यंत्रातूनच आला. गिटारचं डिले यंत्र आपण वाजवलेलं थोड्या अंतराने परत ऐकवतं. त्यावर जुळेल असं पुढचं वाजवत राहिलात की कॅनन झाला. ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडच्या ब्रायन मेने हे गिटारवर केलं. त्याच्याच १९७५च्या ‘द प्रॉफेट्स साँग’मध्ये फ्रेडी मर्क्युरी मधला मोठा भाग स्वतःच्याच आवाजाच्या पुनरावृत्तींबरोबर गातो, स्वतःच पुढे आणि स्वतःच मागे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला हा मुलगा त्या गाण्यात कॅनन गात होता. आज लूप पेडल घेऊन एकट्याने अख्खा वाद्यवृंद उभा करणारे कलाकार सगळीकडे दिसतात. त्यातले काही रेडिंगच्या मठातलं तंत्रच वापरतात, क्रुसाच्या जागी पायाखालचं बटण असतं एवढंच.

घरी करून पाहायचं असेल तर

वाद्य लागत नाही. राइशचं १९७२चं ‘क्लॅपिंग म्युझिक’ फक्त दोन माणसांच्या टाळ्यांसाठी आहे. १२ मात्रांचा ठेका: टा टा टा – टा टा – टा – टा टा –. रेघ म्हणजे रिकामी मात्रा. दोघांनी तो एकत्र घट्ट बसवायचा. मग एकाने तोच चालू ठेवायचा आणि दुसऱ्याने ठरलेल्या आवर्तनांनंतर एक मात्रा पुढे सरकायचं, मग आणखी एक, असं करत १२ वेळा सरकलं की दोघं पुन्हा एकत्र येतात. तबला शिकणारं कुणी जवळपास असेल तर त्याला सरकणारा करा. आणि ज्याची पकड जास्त पक्की आहे त्याला जागेवर ठेवा, कारण समोरचा ठेका सरकायला लागला की सगळ्यात आधी वाहून जातो तो स्वस्थ बसलेलाच.